पाकातले चिरोटे: पदर, पाक आणि किनाऱ्यावरची दमट हवा

प्रश्न थोडक्यात असा. घर रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीकाठी. गौरी-गणपतीसाठी पाकातले चिरोटे केले. निम्म्यांचे पदर सुटलेच नाहीत. जे सुटले त्यांच्यावर साखरेचा जाड, पांढरा थर बसला. दुसऱ्या दिवशी डबा उघडला तर सगळे मऊ आणि चिकट. माप पुण्याच्या नातेवाइकांचे, आणि त्यांच्याकडे हेच चिरोटे दिवाळीत आठ दिवस छान राहतात. मग चूक तळण्यात झाली की पाकात?

तिन्ही तक्रारींची कारणे वेगवेगळी आहेत. पदर अडले ते साट्यामुळे (पोळ्यांमध्ये लावायच्या तूप-पिठीच्या लेपामुळे) आणि आचेमुळे. साखर बसली ती पाक पुढे गेल्यामुळे, म्हणजे जास्त आटल्यामुळे. चिकटपणात मात्र तुमचा दोष जवळजवळ नाहीच, तो भाद्रपदातल्या हवेचा. पुण्याची मापे किनाऱ्यावर चालतात, पुण्याचे वेळापत्रक चालत नाही. चिरोटे तळायचे, लगेच पाकातून काढायचे आणि डबा भरून ठेवायचा, हे दिवाळीत ठीक. पावसाळ्यात कोकणात तळणे आणि पाकवणे ही दोन कामे वेगळ्या दिवशी करायची. कारण पुढे येईलच, आधी पिठाचे बघू.

साधारण बावीस चिरोट्यांसाठी मैदा २०० ग्रॅम, अगदी बारीक रवा ५० ग्रॅम, मोहनाला तूप ३० ग्रॅम, चिमूटभर मीठ आणि भिजवायला १०० ते १२० मिली दूध किंवा निम्मे दूध, निम्मे पाणी. साट्याला तूप ६० ग्रॅम आणि तांदळाची पिठी ४५ ग्रॅम. पाकाला साखर ३०० ग्रॅम, पाणी १५० मिली, अर्धा चमचा वेलचीपूड, केशराच्या दहा-बारा काड्या. तळायला पाऊण लिटर तेल किंवा तूप. वाटीने मोजायचे असेल तर मोजा, पण पाकाची साखर तरी वजनानेच घ्या. त्याचा पुढे उपयोग आहे.

मोहन कडकडीत तापवून पिठावर ओतायचे आणि सगळ्या पिठाला चोळून घ्यायचे. मुठीत पीठ दाबले की मुटका व्हावा आणि बोटाने टिचकी मारली की तो फुटावा, इतके मोहन पुरे. जास्त झाले तर चिरोटा तेलात पसरतो आणि पदर सुटण्याऐवजी गळून पडतात. कमी झाले तर तो कडक होतो, पाक आत घेत नाही. पीठ घट्ट भिजवायचे, पुरीच्या पिठाहून थोडे घट्टच. पावसाळ्यात मैद्यातच ओल असते, म्हणून शेवटचे दहा-पंधरा मिली दूध हात राखून घाला. दुधाने रंग लवकर चढतो. पांढरटच चिरोटे हवे असतील तर नुसत्या पाण्यात भिजवा. रवा घातला असेल तर दीड-दोन तास ओल्या फडक्याखाली मुरू द्या, नुसत्या मैद्याला पाऊण तास बस. मुरल्यावर पीठ पाट्यावर वरवंट्याने किंवा खलबत्त्यात कुटून घ्यायचे, फूड प्रोसेसर असेल तर अर्धा मिनिट फिरवायचे. हे कष्ट वाचवू नका. न कुटलेल्या रव्याच्या पिठाची पोळी पातळ लाटताना कडेला चिरते, आणि चिरलेल्या पोळीचे पदर सलग येत नाहीत.

आता साटा. किनाऱ्यावर चिरोटे बिघडतात ते बहुतेक वेळा इथेच. साट्याचे काम एकच, दोन पोळ्यांना एकमेकींना चिकटू न देणे. त्यासाठी तूप घट्टसर, फेसलेले हवे. तांदळाच्या पिठीत चिकटपणा धरणारे ग्लुटेन नसते, म्हणून ती दोन मैद्याच्या थरांत पडद्यासारखी राहते. पण तूप पातळ असेल तर पिठी त्यात तळाला बसते, तूप पोळीत जिरते आणि गुंडाळीत मैद्यावर मैदा बसतो. तो पुढे कढईत कसा सुटणार? घरचे साजूक तूप कोकणात वर्षातले बरेच महिने धड घट्ट नसते. तीस अंशांच्या आसपास ते रवाळ-पातळच राहते. म्हणून तूप आधी फ्रिजमध्ये ठेवून थिजवायचे, परातीत घेऊन तळहाताने पाच-सात मिनिटे फेसायचे. परात गार पाण्याच्या दुसऱ्या परातीत ठेवली तर काम लवकर होते. बर्फाचा एखादा खडा तुपातच फिरवला तरी चालतो, मात्र सुटलेले पाणी नीट ओतून टाका. तूप पांढरेशुभ्र आणि हलके झाले की चाळलेली पिठी थोडी थोडी मिसळत जायची. तयार साटा बोटावर घेतला तर ओघळता कामा नये. वाटीभर पाण्यात त्याचा थेंब टाकला आणि तो तरंगला, तर फेसणे पुरेसे झाले.

पिठी मोदकाचीच वापरली तरी हरकत नाही, फक्त ती कोरडी आणि बारीक हवी. घरी धुऊन, सावलीत वाळवून दळलेली पिठी श्रावण-भाद्रपदात हाताला गार लागते, म्हणजे ओल आहे. कढई मंद तापवून दोन मिनिटे परतून, गार करून, चाळून घ्या. रंग बदलू देऊ नका. कॉर्नफ्लोरने साटा जास्त हलका होतो, पण चव तांदळाचीच बरी. काही जणी साट्यात वनस्पती तूप वापरतात, ते दमट-उष्ण हवेत लवकर वितळत नाही आणि पदर हमखास सुटतात. चवीला साजूक तुपाची सर नाही. निम्मे-निम्मे घेतले तर दोन्ही साधते.

पिठाचे सहा समान उंडे करा. प्रत्येकाची पोळी साधारण पंचवीस सेंटीमीटर व्यासाची, पोळपाटाबाहेर डोकावेल एवढी आणि पातळ. पोळी लाटताना पिठी कमीत कमी लावा. पहिल्या पोळीवर साटा कडेपर्यंत पसरा, वर चिमूटभर कोरडी पिठी भुरभुरा, दुसरी ठेवा, पुन्हा साटा, तिसरी, पुन्हा साटा. एका गुंडाळीला तीनच पोळ्या. पाच-सहा रचल्या की पदर जास्त मिळतील असे वाटते, पण गुंडाळी जाड होते, आतले पदर कच्चे राहतात आणि पाक मध्यापर्यंत पोचत नाही. घट्ट गुंडाळा, आत हवा राहू देऊ नका, शेवटच्या कडेला दुधाचे बोट लावून चिकटवा. गुंडाळी दहा मिनिटे फ्रिजमध्ये ठेवली तर कापताना चेपत नाही. धारदार सुरीने, दाब न देता ओढून, दोन सेंटीमीटरचे तुकडे करा. बोथट सुरीने दाबून कापलेल्या तुकड्याच्या कडा तिथेच बंद होतात, मग कढईत कितीही तेल उडवा.

लाटण्याच्या दोन पद्धती आहेत. कापलेली बाजू वर ठेवून लाटले की गोल, चक्राकार चिरोटा होतो. तुकडा आडवा ठेवून, कापलेल्या बाजू दोन टोकांना करून, वरून दाबून लाटला की लांबट चिरोटा होतो आणि त्याचे पदर टोकांना उघडतात. पिठीसाखर भुरभुरायची असेल तर गोल छान दिसतो. पाकासाठी मी लांबटच सुचवेन. गोल चिरोट्याच्या उभ्या पदरांत पाक साचून राहतो आणि मध्य मऊ पडतो. लांबट चिरोट्यातून जादा पाक टोकाने निथळून जातो. लाटणे दोनदा, फार तर तीनदा फिरवायचे, तेही कापलेल्या कडांच्या अलीकडे थांबवून. कडेवरून लाटणे गेले की पदर दाबून बंद झालेच. इथला हात हलका ठेवणे हे निम्मे कौशल्य आहे.

तळताना तेल मध्यम-मंद हवे, साधारण १४५ ते १५० अंश सेल्सिअस. थर्मामीटर नसेल तर पिठाची गुंजभर गोळी टाका. ती तळाला जावी, पाच-सहा आकडे मोजेपर्यंत तिथे राहावी आणि मग सावकाश वर यावी. लगेच उसळी मारून वर आली तर तेल तापले आहे, तळालाच बसून राहिली तर गार आहे. एका घाण्याला चार-पाचच चिरोटे. सोडल्यावर अर्धा मिनिट हात लावू नका. वर आले की झाऱ्याने कडेचे तेल त्यांच्यावर उडवत राहा. होते असे की साट्यातले तूप वितळते, पिठातल्या पाण्याची वाफ होते आणि ती वाफ पदरांना एकमेकांपासून लोटते. हे सगळे वरचा पापुद्रा कडक व्हायच्या आधी झाले पाहिजे. तेल फार तापलेले असेल तर पापुद्रा आधी कडक होतो, वाफ आत कोंडते, बाहेरून बदामी आणि आतून कच्चे, असा चिरोटा हाती येतो. तुमच्या न सुटलेल्या पदरांचे साट्याखालोखाल हेच कारण असणार. उलट तेल अगदी गार असेल तर साटा धुऊन निघतो, चिरोटा तेल पितो, आणि तेल प्यायलेल्या चिरोट्यात पाक शिरत नाही, वरच्या वर घसरतो.

सहा-सात मिनिटे लागतात. उतरवण्याआधी आच वाढवून शेवटचा अर्धा-पाऊण मिनिट १६० ते १६५ अंशांवर तळा, म्हणजे आतले तेल बाहेर पडते. काढून चाळणीत उभे ठेवा. आडवे रचले तर खालच्यात वरच्यांचे तेल उतरते. साट्यातली पिठी थोडी तेलात पडणारच. दोन घाण्यांनंतर ती जळून काळे ठिपके चिकटायला लागतात, म्हणून मधेच तेल बारीक गाळणीतून काढून घ्या.

पाकाचा विषय सगळ्यात मोठा आहे, कारण पाकातल्या पदार्थांच्या बहुतेक पाककृती "एकतारी पाक करा" म्हणून मोकळ्या होतात आणि कोणता पदार्थ पाकाकडून काय मागतो हे सांगत नाहीत. गुलाबजामला पाक आत ओढून घ्यायचा असतो, म्हणून त्याचा पाक पातळ, तार नसलेला, नुसता बोटाला चिकटणारा लागतो. चिरोट्याला पाक आत शोषायचा नसतो, प्रत्येक पदरावर पातळ लेप घेऊन तो वाळवायचा असतो. त्यासाठी पाक एकतारीच्या (दोन बोटांत ताणल्यावर एक तार येते त्या) पुढे आणि दोनतारीच्या अलीकडे हवा. एकतारीच्या आतला पाक पदरांत मुरतो आणि चिरोटा भिजून बसतो. दोनतारीच्या पुढे गेलेला पाक कढईबाहेर येताच थिजतो आणि जाड पांढरे कवच चढते. तुमच्याकडे हे दुसरे झाले आहे.

साखर का बसते ते एकदा समजले की पाकाची भीती जाते. खोलीच्या तापमानाला १०० मिली पाण्यात साधारण २०० ते २१५ ग्रॅम साखर विरघळलेली राहू शकते. आपण पाक उकळून आटवतो तेव्हा त्याच १०० मिली पाण्याला तीनशे, साडेतीनशे ग्रॅम साखर येते. गरम असेपर्यंत ती विरघळलेली राहते, गार झाला की जादा साखर कणांच्या रूपात बाहेर यायला बघते. चिरोट्यात ही साखर थोडी बाहेर यायलाच हवी, त्यानेच वरचा लेप कोरडा होतो. किती यावी हे पाक किती आटवला त्यावर ठरते.

म्हणून अंदाजापेक्षा वजन बरे. रिकाम्या पातेल्याचे वजन लिहून ठेवा. ३०० ग्रॅम साखर, १५० मिली पाणी घालून मंद आचेवर साखर पूर्ण विरघळू द्या. उकळी फुटायच्या आधी एकही कण शिल्लक नको, कारण उरलेला कण पुढे सगळ्या पाकाला आपल्याभोवती बसवतो. पातेल्याच्या कडांना उडालेली साखरही हाच उपद्व्याप करते. त्यावर सोपा उपाय असा, की उकळी आली की एक मिनिट झाकण ठेवायचे, वाफेने कडा आपोआप धुतल्या जातात. एक चमचा दूध घालून वर आलेली मळी काढून टाका. आता ढवळणे बंद. पातेल्यासकट वजन करा. पातेल्याचे वजन वजा जाता आतला पाक ४१० ग्रॅमच्या आसपास आला की एकतारी, ३९० ग्रॅम झाला की चिरोट्याचा, ३७५ ग्रॅम झाला की दोनतारी. स्वयंपाकघरातला साधा डिजिटल काटा यासाठी पुरतो. गरम पातेले थेट काट्यावर ठेवू नका, खाली लाकडी पाट घ्या आणि त्याचेही वजन वजा करा.

थर्मामीटर असेल तर चिरोट्याचा पाक १०८ ते ११० अंशांवर तयार होतो, एकतारी १०६-१०७ ला. हे आकडे समुद्रसपाटीचे, म्हणून दापोली-मालवणच्या खाडीकाठी जसेच्या तसे वापरा. महाबळेश्वरला पाणीच ९५-९६ अंशांवर उकळते, तिथे पाकाचे आकडेही तेवढेच खाली येतात. थर्मामीटरवर विश्वास ठेवण्याआधी तो उकळत्या पाण्यात बुडवून बघा. शंभर दाखवत नसेल तर जो फरक असेल तो धरून चाला.

बोटाने तार बघणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. तपासताना गॅस बंद करा, नाहीतर तुम्ही तार बघेपर्यंत पाक पुढे निघून जातो. आणि थेंब बशीत घेऊन चार-पाच सेकंद निवल्यावर बघा, कढत थेंबाची तार खोटी असते. चिरोट्याच्या पाकाची तार अंगठा आणि तर्जनीमध्ये दीड-दोन सेंटीमीटर ताणते, तुटायला आली की शेजारी दुसरी बारीक तार दिसते न दिसते.

केशर आणि वेलची गॅस बंद केल्यावर घाला. पाक तयार झाला की पातेले गरम पाण्याच्या मोठ्या भांड्यात ठेवा, म्हणजे काम होईपर्यंत तो ८० अंशांच्या आसपास राहतो. हे न केल्यामुळे शेवटच्या दहा चिरोट्यांवर जाड थर बसतो, कारण तोवर पाक निवून आळलेला असतो. पहिले चार चकचकीत आणि नंतरचे पांढरे, असे झाले असेल तर कारण हेच. मधेच आळला तर एक मोठा चमचा उकळते पाणी घालून पुन्हा एक उकळी काढा. कण धरून पांढरा पडला तर ढवळत बसण्यात अर्थ नाही. ५० मिली पाणी घालून पूर्ण विरघळवा आणि पुन्हा ३९० ग्रॅमवर आणा. आधी काही चिरोटे निघाले असतील तर तेवढा पाक वजा धरा, किंवा सरळ थर्मामीटरने जा.

चिरोटे तळून दहा मिनिटे निथळलेले, कोमट असावेत. कढईतून थेट पाकात टाकू नका. तसे केले की चिरोटा निवताना आतली वाफ आटते आणि तो पाक आत खेचतो. गुलाबजामला हे हवे असते, चिरोट्याला नको. एका वेळी दोन चिरोटे, प्रत्येक बाजू पंधरा-वीस सेकंद, चिमट्याने काढून पातेल्यावर दहा सेकंद उभा धरायचा, मग जाळीवर एका टोकावर तिरका उभा करायचा. जाळीखाली ताट ठेवा. पाऊण तासात वरचा लेप हाताला कोरडा लागला पाहिजे, निदान कोरड्या हवेत तरी. चांगल्या लेपावर साखरेची धुरकट, पातळ साय दिसते. तीही नको म्हणून लोक पाकात लिंबू पिळतात, आणि इथेच किनाऱ्यावरचे गणित बदलते.

लिंबाच्या आम्लाने उकळत्या पाकात साखरेचा काही भाग फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतात. ते साखरेला कण धरू देत नाहीत, हा फायदा. पण ते हवेतला ओलावा साखरेपेक्षा कितीतरी हावरेपणाने ओढतात. सापेक्ष आर्द्रता साधारण ८५ टक्क्यांच्या वर गेली की कोरडी साखरसुद्धा हवेतले पाणी घेऊन ओली व्हायला लागते. फ्रुक्टोजला साठ-पासष्ट टक्केच पुरतात. कोकणात पावसाळ्याच्या महिन्यांत हवा ८५ टक्क्यांच्या आसपास किंवा वरच असते. म्हणजे लिंबू घातलेला लेप भाद्रपदात वाळणारच नाही, आणि न घातलेलाही फार काळ कोरडा राहणार नाही. तुमचे चिरोटे सादळले ते म्हणून. डबा कितीही घट्ट असला तरी भरताना आत कोंडली गेली ती इथलीच हवा. चिरोट्याच्या पाकात लिंबू नकोच. घालायचेच झाले तर दिवाळीत, ३०० ग्रॅम साखरेला चार-पाच थेंब.

गुळाच्या पाकाचेही असेच आहे. गुळात ग्लुकोज-फ्रुक्टोज मुळातच बऱ्यापैकी असतात, म्हणून गुळाचा लेप साखरेपेक्षा लवकर चिकटतो. मालवणी खाजा गुळाच्या पाकातला, आल्याचा. तो कुणकेश्वरला महाशिवरात्रीच्या आणि आंगणेवाडीच्या जत्रेत उघड्यावर ढिगाने रचलेला दिसतो आणि दिवसभर खुटखुटीत राहतो. या जत्रा फेब्रुवारी-मार्चमधल्या, हवा त्यामानाने कोरडी. तोच खाजा जुलैत उघडा ठेवून बघा.

मग गणपतीत करायचे काय? चिरोटे दोन-तीन दिवस आधी तळा, पूर्ण गार करा आणि कोरडेच, पाकाशिवाय, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरा. पाच-सहा दिवस राहतात. ज्या दिवशी वाढायचे त्या सकाळी ते ओव्हनमध्ये १२० अंशांवर आठ-दहा मिनिटे, किंवा जाड कढईत जाळीवर ठेवून अगदी मंद आचेवर झाकून तेवढाच वेळ गरम करा. सादळले असतील तरी पुन्हा खुसखुशीत होतात. कोमट झाले की पाकातून काढा. पाक मात्र दोनतारीकडे झुकता, ३८० ग्रॅमवर घ्या, म्हणजे लेपात पाणी कमी राहते आणि तो लवकर वाळतो. पाहुणे येतील तेवढेच पाकवा, बाकीचे कोरडे राहू द्या. सकाळी पाकवलेले रात्रीपर्यंत उत्तम राहतात, दुसऱ्या दिवसाची हमी पावसाळ्यात कोणी देऊ नये.

डब्यात तांदळाची पुरचुंडी ठेवण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो. कच्चा तांदूळ त्याच हवेत राहिलेला असतो, तो आणखी ओल फारशी घेत नाही. तव्यावर कोरडा, कडक भाजून, गार होताच ठेवला तर थोडा उपयोग आहे. फ्रिजमध्ये ठेवणे वाईट. थंड चिरोटा बाहेर काढला की इथल्या हवेतले पाणी त्याच्यावर दव धरते आणि पाच मिनिटांत साखर पाझरते.

खरे तर भाद्रपदात मोदक आहेत, गौरीला घावन-घाटले आहे. चिरोट्याची वेळ दिवाळीची, वारा फिरून हवा कोरडी पडू लागल्यावरची. तेव्हा वरच्याच मापाने, ३९० ग्रॅमच्या पाकात केलेले चिरोटे तुमच्याकडेही आठवडाभर राहतील, पुण्याइतके खुटखुटीत नाही, पण मऊही नाही. पावसाळ्यात पाकातलेच काही हवे असेल तर पाकातल्या पुऱ्या करा. त्या ओल्याच असायच्या असतात, त्यामुळे दमट हवा त्यांचे काही बिघडवत नाही. एक वाटी बारीक रवा, एक वाटी मैदा, दोन मोठे चमचे कडकडीत मोहन, चिमूटभर मीठ, आणि भिजवायला आंबट दही, साधारण अर्धी ते पाऊण वाटी. पाण्याचा थेंब नाही. दही गोड असेल तर या पुऱ्या करूच नका, पाकाच्या गोडीला दह्याचा आंबटपणाच तोलतो. दोन तास मुरवून, मळून, सहा-सात सेंटीमीटरच्या जरा जाडसर पुऱ्या लाटून मध्यम आचेवर बदामी, कडक तळायच्या. नरम तळलेली पुरी पाकात लगदा होते. दोन वाट्या साखर, एक वाटी पाणी, जेमतेम एकतारी पाक. इथे लिंबू हवेच, एका मध्यम लिंबाचा रस, पण गॅस बंद करताना. सुरुवातीलाच घालून उकळला तर चव उडते आणि पाक नको तितका चिकट होतो. पुरी कढईतून काढली की गरमच पाकात सोडा, पुढचा घाणा तळून होईपर्यंत, म्हणजे दीड-दोन मिनिटे, बुडवून ठेवा, मग काढून ताटात उभ्या रचा. तीन-चार दिवस राहतात आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या दिवसापेक्षा चांगल्या लागतात.

चिरोट्यांचा पाक साधारण निम्मा उरतो. त्यात पिठी आणि तुपाचा अंश उतरलेला असतो, तसाच बाटलीत भरला तर चार दिवसांत खवट वास येतो. १०० मिली पाणी घालून एक उकळी काढा, फडक्यातून गाळा, गार झाल्यावर वर थिजलेले तूप काढून टाका आणि फ्रिजमध्ये ठेवा. शिऱ्याला किंवा शंकरपाळ्यांच्या पिठाला साखरेऐवजी तो चालतो, पण पुन्हा चिरोट्यांना वापरू नका. दोनदा उकळलेल्या पाकाला तार येते आणि लेप मात्र चिकटच राहतो.